रविवारचे शिसे

हा मजकूर दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, जे घरी शिसे वितळवतात: जाळ्याला वजने करण्यासाठी, जुन्या बॅटऱ्या फोडून विकण्यासाठी, किंवा माझ्यासारखे नेमबाजीच्या गोळ्या ओतण्यासाठी. दुसरे, जे अशा माणसाबरोबर एका घरात राहतात. दुसऱ्यांनी तो अधिक लक्ष देऊन वाचावा. आपण काय करतो हे पहिल्याला निदान माहीत असते.

मी पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर नोकरी केली. निवृत्तीनंतर पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरच्या घरी राहतो. घरी पत्नी सुमन असते. तिचे माहेर शिरगावचे. एकुलती मुलगी दीपाली डिचोलीत दिली आहे. ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळात ती पहिलटकरीण होती.

सपाट तोंडाची गोळी

नेमबाजीच्या रिव्हॉल्व्हरसाठी एक खास गोळी वापरतात. तिला वॅडकटर म्हणतात. तिला टोक नसते, तोंड सपाट असते आणि कडा धारदार. ती कागदी लक्ष्याला पंचाने पाडावे तसे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. कामाच्या सवयीमुळे असेल, मला ती गोळी आवडायची.

रिव्हॉल्व्हर क्लबच्या तिजोरीत राहायचे. काडतुसे क्लबातच, परवानाधारकाच्या देखरेखीखाली भरली जायची. घरी व्हायचे ते फक्त शिशाचे काम. त्याची परवानगी क्लबच्या कागदपत्रांत होती. टायरवाल्याकडून चाकांची जुनी वजने आणायची, क्लबच्या मातीच्या बांधातून चेपलेल्या गोळ्या चाळून काढायच्या, आणि रविवारी ते सगळे वितळवून साच्यात ओतायचे.

त्यासाठी वेगळी शेगडी घेतली नव्हती. आमच्या मागीलदारी न्हाणीघराला लागून भाणाची चूल होती. भाण म्हणजे अंघोळीचे पाणी तापवायचे तांब्याचे मोठे भांडे. स्वयंपाकघरात गॅस येऊन किती वर्षे झाली होती, पण अंघोळीचे पाणी तेव्हाही नारळाची सोडणे आणि लाकूड यांवरच तापायचे. रविवारी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की चुलीत चांगला विस्तव उरायचा. भाण उतरवून त्या विस्तवावर मी लोखंडी कढई ठेवायचो.

वितळलेल्या शिशावर राखाडी साय धरते. ती पळीने काढावी लागते, नाहीतर गोळीत खळगे पडतात. ती साय मी चुलीतच झटकायचो.

खबरदारी घेत होतो. काम उघड्यावर व्हायचे. तोंडाला फडके बांधायचो, वाऱ्याची दिशा बघून बसायचो. कढई आणि पळी स्वयंपाकघरात कधी गेल्या नाहीत. काम चालू असेपर्यंत सुमनला मागीलदारी यायला मनाई होती. या खबरदारीची मी क्लबात इतरांना शिफारसही केली होती.

पोट

सुरुवात पोटातून झाली. जेवणाशी संबंध नसलेली कळ यायची. ओल्या कपड्याचे पाणी पिळून काढावे तशी आतडी पिळली जायची आणि मग तासभर काही नसायचे. शौचाला साफ होईना. तोंडात जुने नाणे धरल्यासारखी चव राहू लागली.

म्हापशातल्या एका डॉक्टरांनी गॅस सांगितला. दुसऱ्यांनी सोनोग्राफी केली, पित्ताशयात बारीक खडा दिसला आणि शस्त्रक्रिया सुचवली. खडा खरोखर होता. त्या खड्याने कुणाचे काही बिघडवलेले नव्हते, हे नंतर समजले.

दोघांनीही व्यवसाय विचारला होता. मी निवृत्त असे सांगितले होते.

त्या दिवसांत मी चिडका झालो. भातात खडा लागला म्हणून ताट सरकवले. सुमनने ते उचलले आणि म्हणाली, "पेपरात काम करताना दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन येयत, तेवां तुमी येवढे चिडूक नाय. आता घरात बसान कोण शिव्या घालता तुमका?"

क्लबात माझ्या गोळ्या खाली पडू लागल्या. नेम मध्यावर, भोक तळाला. पुढे कागद सोडून त्याखालच्या फळीत. शेजारच्या लेनवर दत्ताराम असायचा, डिचोलीतला हार्डवेअरवाला. त्याने दुर्बीण खाली ठेवली.

"सर, त्या फळयेन तुमचा काय वायट केल्यान?"

"वय झाले," मी म्हणालो.

"वय डोळ्यांक जाता. तुमचो हात खाली येता. बगा मरे जरा."

मी हात पुढे धरून पाहिला. मनगट वर राहीना.

निदानाचा दिवस

शस्त्रक्रियेपूर्वी दुसरे मत घ्यावे म्हणून आम्ही मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. बाह्यरुग्ण विभागात डॉ. माने नावाच्या तरुण डॉक्टर होत्या, मूळ कोल्हापूरकडच्या. त्यांनी पोट तपासले आणि मग दोन्ही हात समोर ताणायला सांगितले. उजवा पंजा ओल्या मोज्यासारखा लोंबला. त्यांनी टॉर्चने माझ्या हिरड्या पाहिल्या. त्यांच्या कडेची निळसर रेघ बराच वेळ पाहिली.

"काय करता आपण?"

"निवृत्त पत्रकार."

"छापखान्यात होता? खिळे जुळवायला वगैरे?"

"नाही. आमच्या वेळी संगणक आला होता."

"आता घरी काय करता? दिवस कसा जातो?"

"वाचन. थोडी बाग. रविवारी नेमबाजी."

"नेमबाजी म्हणजे नक्की काय? गोळ्या विकत आणता?"

"गोळ्या मी ओततो."

"कशाच्या?"

"शिशाच्या."

सुमन बाजूच्या स्टुलावर बसली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारले नाही."

उत्तर बरोबर होते, पण उपयोगाचे नव्हते. रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. निकाल आला तेव्हा आकडा साठच्या पुढे होता; असायला हवा तो पाचाच्या आत. डॉ. माने म्हणाल्या, "हा रक्तातला आहे. हाडात किती साठलंय ते यात येत नाही. ते हळूहळू बाहेर येत राहणार."

परतीच्या वाटेवर सुमनने एकच प्रश्न विचारला. "ह्या बरा होता मां?"

"होते."

"मग जाऊ दी. ऑपरेशन चुकला."

वॉर्ड

शिसे बाहेर काढणारे औषध शिरेतून देतात आणि लघवी मोजून ठेवतात. सकाळी उंडो, म्हणजे गोल कडक पाव, आणि चहा यायचा. मग सुई, मग राऊंड. दुपारी भिंतीवरचा पंखा बंद पडायचा आणि कुणीतरी काठीने त्याची जाळी ठोकायचे. चारच्या सुमारास तपासणीचे निकाल यायचे. भीतीची वेळ ती होती. मूत्रपिंडाला औषध सोसते आहे की नाही ते त्या कागदावरून ठरायचे.

शेजारच्या खाटेवर बसवराज होता, बेळगाव जिल्ह्यातून आलेला गवंडी. परांचीवरून पाय घसरून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. वॉर्डात माझे नाव 'गोळीवाला पेशंट' असे पडले होते. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले.

"काका, गोळी कुठं लागली म्हनायची?"

"पोटात. आतून."

"कोन मारलं?"

"मीच."

तो विचारात पडला. "मग पोलीस केस न्हाई व्हायाची," असे म्हणाला आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडून ती माझ्या डाव्या हातात दिली. माझ्या बोटांना झाकण फिरत नव्हते. तो असेपर्यंत मला ते कुणाला सांगावे लागले नाही. शर्टाची बटणेही तोच लावायचा, बरगड्या धरून.

मी इस्पितळात असताना दत्ताराम घरी जाऊन कढई, पळी, साचे आणि उरलेले शिसे घेऊन गेला. मागीलदारची फरशी पाणी मारून धुतली. भाणाची चूल सारवली. घर स्वच्छ झाले असे आम्ही सगळे धरून चाललो. डॉक्टरांनाही तसेच सांगितले.

तांबडी भाजी

दीपाली सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली. पावसाळा अर्धा झाला होता. तिचे हिमोग्लोबिन कमी होते. सुमनने उपचार हाती घेतला.

आमच्या परसात तांबड्या भाजीचे वाफे होते. सुमन रोज एक पेंडी खुडायची. कांदा, ओली मिरची, वर नारळ. दुपारी ती, रात्री कधी अळसांद्याचे तोणाक, म्हणजे रस्सा. अळसांदे, म्हणजे चवळीचा गावठी दाणा, मागच्या हंगामातले घरचेच होते.

"आई, आता माझ्या पायांक मुळां फुटतली," दीपाली म्हणायची.

"फुटांदी. रक्त वाढता तेणी. तुझ्या वेळार माझ्या आवशीन माका दुसरा काय दिल्लाच नाय."

"म्हणान मी अशी तांबडी."

"तू काळी. बापाशीवर गेलंस."

मी ओटीवर बसून रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम करायचो आणि हे ऐकायचो. पोटाची कळ थांबली होती. भूक लागत होती. भाजी मीही दोनदा वाढून घ्यायचो. त्या घरात त्या महिन्यात जे ऐकू यायचे त्यात काळजी करण्यासारखे काही नव्हते.

आकडा चढला

फेरतपासणीत माझा आकडा खाली यायला हवा होता. तो चढला होता.

डॉ. माने यांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवले. औषध थांबल्यावर हाडातले शिसे रक्तात उतरते, थोडा चढ अपेक्षित असतो, असे त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हा थोडा नाही. वहिनींचंही रक्त बघू."

"माका कशाक?" सुमन म्हणाली. "मी कदी बंदुकेक हात लावूक नाय."

"खात्रीसाठी."

सुमनचा आकडा माझ्या पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून अधिक निघाला. जी बाई काम चालू असताना मागीलदारी कधी आली नव्हती, तिचा. ती गेले वर्षभर दमते आहे, गुडघे दुखतात, झोप येत नाही, हे सगळे आम्ही तिच्या वयावर टाकले होते.

डॉक्टरांनी विचारले, "घरात आणखी कोण राहतं?"

उत्तर सुमनने दिले. "दीपाली आसा, आमचा चेडू. आठवो लागलो."

डॉ. माने यांनी फोन उचलला आणि प्रसूती विभागाला लावला. त्याच दिवशी दीपालीला आणून तिचे रक्त घेतले. निकालाला वेळ लागणार होता. "तोपर्यंत तिला त्या घरात ठेवू नका," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या घरात शिसं अजून येतंय. कुठून ते मला माहीत नाही. तुम्हालाच शोधावं लागेल."

घरी आल्यावर वाद झाला. आवाज न चढवता झाला, पण वादच.

"बाळंतपणाक इलेली लेक परत धाडूची?" सुमन म्हणाली. "लोक काय म्हणतले? तिच्या सासवेक काय सांगतलास?"

"डॉक्टर म्हणाल्या ते सांगू."

"डॉक्टर म्हणाली खंयसून ता माका म्हायत नाय. बाईंत आसतला. पाणी इकत हाडा."

विहिरीवर संशय घेणे सोपे होते. बाटलीबंद पाणी आणले. दीपाली राहिली. जेवण पूर्वीचेच चालू राहिले.

डबा

बातमीचा उगम सापडत नसेल तर माणसांना प्रश्न विचारणे थांबवावे आणि ती काय करतात ते पाहावे, असे आमच्या डेस्कवर सांगत. मी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो आणि सुमनच्या मागे मागे नजर ठेवली.

तिने भांडी घासली. तारेची घासणी आणि साबण कपासाठी होता. काळवंडलेल्या टोपांना तिने नारळाच्या सोडणाने राख लावली. मग ती न्हाणीघराच्या मागे गेली, तिथे ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यातून ओंजळभर राख एका जुन्या फडक्यात बांधली आणि परसात उतरली. पावसाने उघडीप दिली होती. ती पुरचुंडी तांबड्या भाजीवर झटकत एका वाफ्यावरून दुसऱ्या वाफ्यावर गेली. पाने वरून करडी झाली.

"सुमन, हे काय?"

"गोबोर. किडूक लागता पानांक." आमच्याकडे राखेला गोबोर म्हणतात.

"कुठला गोबोर?"

"भाणाच्या चुलीतलो. आणि खंयचो?"

"चूल तर सारवली होती."

"चूल सारयली. डबो कित्याक सारवूचो? उन्हाळ्यात गोबोर सुको मिळता, तो भरून ठेवलेलो. पावसात ओलो गोबोर कामाचो नाय. तुमच्या आवशीन शिकयला माका ह्या, लग्न होऊन इलंय तेवां."

मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. भाजीवर गोबोर. टोपांना गोबोर. अळसांद्यात कीड पडू नये म्हणून वर्षभर मडक्यात गोबोर घालून ठेवायचे आणि शिजवताना धुवायचे. मासळी कापताना हात बुळबुळू नये म्हणून चिमूटभर. डब्यापलीकडे आणखी एक लहान डबा होता, बिस्किटांचा. त्यातली राख तिने मलमलीतून गाळली होती. पिठासारखी मऊ होती.

"ही कशाला?"

"बाळाक. न्हाणून झाला की कपाळाक लावूक. दिष्ट लागणा नाय."

शिशाची साय मी चुलीत झटकत होतो. तिथून पुढे तिचे काय होते हा प्रश्न मला पडला नव्हता, कारण राख घरातून बाहेर जाते असे मी समजत होतो. आमच्या घरात राख कधीच बाहेर जात नव्हती.

मी तिला सांगितले. फार थोड्या वाक्यांत सांगितले. ती वाफ्याच्या कडेला उभी होती, फडके हातात होते. तिने ते खाली टाकले नाही, कारण खाली भाजी होती. हात अंगापासून लांब धरून ती तशीच उभी राहिली.

"तुमी माका मागीलदारी येऊक दीत नाय होतास," ती म्हणाली. "धूर लागात म्हणान. मी म्हटलंय, किती काळजी घेतत माझी."

स्वयंपाकघरातून दीपालीची हाक आली. भाजी चिरायला घेऊ का, असे ती विचारत होती.

सासरी

दीपाली त्याच दुपारी डिचोलीला गेली. जावई गाडी घेऊन आला. कपडेही नेऊ नयेत असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले, कारण माझे रविवारचे कपडे सगळ्यांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजत होते. ती अंगावरच्या कपड्यांनिशी गेली आणि तिथे गेल्या गेल्या तेही बदलले. सुमनने जुन्या सुती साड्या फाडून बाळासाठी दुपटी शिवून ठेवली होती. ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, गाठ मारून, राखेच्या डब्यांशेजारी ठेवली.

दीपालीच्या सासूबाईंचा फोन आला. त्या शाळेत शिक्षिका होत्या. आवाज नरम होता.

"सुमनताई, वाईट वाटून घेऊ नका. पण इब्रामपूरहून काही पाठवू नका. भाजी नको, तांदूळ नको. लोणचंसुद्धा नको."

"नाय पाठवूचंय," सुमन म्हणाली.

"तुम्ही यायचं असेल तर..."

"मीपण नाय येवचंय. बरा होईसर."

दीपालीचा निकाल आला. सुमनपेक्षा आकडा कमी होता, पण पोटुशीला जितका चालतो असे डॉक्टर मानतात त्याहून जास्त. मला दिले ते औषध तिला या अवस्थेत देणार नाहीत, असे डॉ. माने म्हणाल्या. कॅल्शियम, लोह, चौरस आहार आणि त्या घरापासून दूर राहणे. बाळाकडे किती गेले ते जन्मल्यावर नाळेच्या रक्तावरून पाहता येईल.

"आणि त्यावरून काय कळेल?" मी विचारले.

"किती गेलं ते कळेल. त्याने काय केलं ते नाही कळणार."

राखेचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अपेक्षित उत्तर आले. बाकीची राख, वाफ्यांची वरची माती, अळसांद्याचे मडके आणि चुलीचा थर हे सगळे डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने भरून, बंद करून नेले गेले. परसात एक आयताकृती खड्डा राहिला. पावसात तो भरायचा. सुमन त्या बाजूची खिडकी उघडत नसे.

तिच्यावर गोळ्यांनी उपचार झाले. त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी औषधाच्या वेळांबद्दल बोललो. इतर विषयांवर बोलण्याचा प्रयत्न मी एकदा केला. तू ऐकत होतीस, शिकवल्याप्रमाणे करत होतीस, तुझा यात काही दोष नाही, असे म्हणालो. ती गॅसवर चहा टाकत होती.

"दोष कोणाचो म्हणान कोणी इचारल्यान?" ती म्हणाली. "मी तिका घास भरयले. हाताक धरून. नको म्हणताना."

चहा उतू जात होता, मी गॅस बंद केला.

ज्यांच्या घरी चूल आहे

डॉक्टरांनी सांगितलेले आणि आम्हाला उशिरा समजलेले इथे एकत्र देतो. डॉक्टर व्यवसाय विचारतात तेव्हा हुद्दा सांगू नये, हात दिवसभर काय करतात ते सांगावे. सुट्टीच्या दिवशी काय करतात ते आधी सांगावे. शिशाला वास नसतो आणि मागे उरलेली राख धुरापेक्षा कमी धोक्याची असते असेही नाही. वितळवण्याची जागा आणि पाणी तापवण्याची, कपडे भिजवण्याची, धान्य वाळवण्याची जागा एक असू नये. खरे तर ती घरात असूच नये. एकाच्या रक्तात सापडले तर सगळ्यांचे रक्त तपासावे, त्याच दिवशी. घरात पोटुशी किंवा लहान मूल असेल तर आधी त्यांचे. आमच्याकडे हा क्रम उलटा झाला.

चोपड्याला नदीकाठी जाळ्याची वजने ओतणारी घरे मला माहीत होती. बरे वाटल्यावर मी दत्तारामला घेऊन तिथे गेलो. एका अंगणात तीन विटांच्या चुलीवर डबा होता आणि बाजूला मिरच्यांना राख मारलेली होती. घरमालक माझे सगळे ऐकून म्हणाला, "आमचो आजो ह्याच करी. नव्वद वर्सां जगलो." त्याची सून दारात उभी होती. तिने मात्र मिरच्यांकडे पाहिले.

नाळेचे रक्त

दीपालीला मुलगी झाली. वजन चांगले होते. रडली ताबडतोब. नाळेचे रक्त पाठवले गेले आणि निकाल यायच्या आधीच बारसे आले.

सुमनचा आकडा तोवर उतरला होता. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटले. तरी तिने डिचोलीच्या बाजारात नवी साडी घेतली, दत्तारामच्या दुकानामागच्या खोलीत ती नेसली आणि जुनी तिथेच ठेवली. मीही नवा शर्ट घातला. सोबत काही नेले नाही. नातीच्या बारशाला आजी रिकाम्या हाताने आली, हे तिथल्या काही बायकांनी पाहिले. कारण सगळ्यांना माहीत नव्हते.

सुमन पाळण्यापासून दूर, भिंतीला टेकून उभी राहिली. दीपाली म्हणाली, "आई, घे गो तिका."

"मागीर घेतंय. हात धुवन येतंय."

ती न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली आणि पुन्हा भिंतीशी उभी राहिली. शेवटी विहीणबाईंनी बाळ उचलले, खोली ओलांडून आल्या आणि सुमनच्या हातांत दिले. मग म्हणाल्या, "मान धरा हां. तुम्हाला काय सांगायचं म्हणा." सुमनने मान धरली. एका बाईने बाळाच्या कपाळाला काळी तीट लावली.

निकाल त्यानंतर आला. आईच्या आकड्यापेक्षा कमी होता. शून्य नव्हता. डॉ. माने म्हणाल्या, याहून जास्त आकड्याची मुले त्यांनी हसताखेळताना पाहिली आहेत. दीपालीने विचारले, याहून कमी आकड्याची कशी असतात. डॉक्टरांनी प्रामाणिक उत्तर दिले. बहुतेक छान असतात. काही उशिरा बोलतात, काहींचे लक्ष लागत नाही, काहींचे शाळेत कळते. कोण कुठले ते आकडा सांगत नाही.

"मग काय करू?"

"दूध पाज. बोलत राहा तिच्याशी. आणि दर भेटीला घेऊन ये."

मुलगी आता वर्षाची होत आली आहे. आकडा दर तपासणीला उतरतो आहे. ती बसते, रांगते, धरून उभी राहते. या गोष्टी ज्या त्या वेळेला झाल्या. माझा हात पुष्कळ सुधारला आहे. क्लबचे सभासदत्व मी सोडले. आमच्याकडे न्हाणीघरात गिझर आहे आणि परसातली भाजी बंद आहे.

सुमन रोज दुपारी डिचोलीला व्हिडिओ फोन लावते. बाळाला सगळे सांगते. दारातले मांजर, पोफळीच्या कुळागरातले माकड, आज आजोबांनी चष्मा कुठे हरवला. तेच शब्द पुन्हा पुन्हा, सावकाश, तोंड मोठे उघडून म्हणते. पलीकडे दीपाली, तिची सासू, सुट्टी असेल तर जावई, सगळे पडद्याभोवती गोळा होतात. बाळ हसते, थुंकीचे फुगे काढते, मधूनच एक आवाज काढते. त्या आवाजाला दोन्ही घरांत एकदम सगळे गप्प होतात. तो शब्द होता का, असे कुणी कुणाला विचारत नाही. थोडा वेळ जाऊ देऊन सुमन पुन्हा मांजरापासून सुरुवात करते.